नायटा, टॉन्सिल, पडसं

डॉक्टरीणबाईंना हळू बोलता येत नसे. घसाच तसा होता की सवय तशी होती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अंधेरीला स्टेशनच्या पश्चिमेला त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. आतल्या खोलीत त्यांनी पेशंटला "शौचाला साफ होतं का?" असं विचारलं, की बाहेर बाकावर बसलेली माणसं मनातल्या मनात आपापलं उत्तर देऊन मोकळी होत. समोरचा किराणा दुकानदार म्हणे, "दहा वर्षं इथं बसून ऐकतोय. आता फक्त परीक्षा द्यायची राहिलीय."

बाई मूळच्या मालवणकडच्या. बुटक्या, रुंद, पन्नाशीच्या आसपासच्या. अंगावर सुती पातळ, पायांत पुरुषी वहाणा. पांढरा कोट त्यांनी कधी घातला नाही. तो दवाखान्यात खुंटीला लटकत असे आणि त्याच्या खिशात सुपाऱ्या असत. त्यांचं लग्न झालं होतं की नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर उत्तर अख्ख्या अंधेरीनं ऐकलं असतं.

आमच्या वसतिगृहात त्या दर बुधवारी येत. एका धर्मादाय मंडळानं चालवलेलं ते विद्यार्थिनींचं वसतिगृह होतं. चाळीस मुली, सगळ्या कॉलेजच्या वरच्या वर्गांतल्या, एकोणीस ते बावीस वर्षांच्या. कुणाचे वडील पोस्टमास्तर, कुणाचे तलाठी, माझे राजापूरला शाळामास्तर. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मुलींनी शिकावं असं सगळ्यांनाच वाटू लागलं होतं. मात्र शिकताना त्यांनी दुसरं काही शिकू नये, याची व्यवस्था मंडळानं करून ठेवली होती. कुंपणाच्या भिंतीवर काचा लावल्या होत्या. रस्त्याकडच्या खिडक्यांची तावदानं हिरव्या रंगानं रंगवली होती. बाहेर जायचं तर दोघींनी मिळून जायचं, आणि दोघींपैकी एक अभ्यासात हुशार असावी, असाही एक नियम होता. हुशार मुलीला पाय घसरायला वेळ मिळत नाही, असा त्यामागचा विचार असावा.

बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. दुखणी राहत. पहिल्या वर्षी माझ्या मानेवर नायटा आला. तीन आठवड्यांत तो गेला, पण मी बी.एस्सी. होईपर्यंत नायटाच राहिले. बाई जिन्यावरूनच हाका मारत येत, "काय गो टॉन्सिल, कापून घेतलेस की अजून सांभाळतेस? हिमोग्लोबिन कुठे आहे? तिला गूळ खायला सांगितला होता, खाल्लान काय?" माझ्या खोलीतली वत्सला बारमाही शिंकायची, म्हणून ती पडसं. माझे वडील एकदा राजापूरहून मला भेटायला आले. फाटकाशी उभे होते, तेवढ्यात बाई आल्या आणि लांबूनच ओरडल्या, "नायट्याचे बाबा का हो तुम्ही?" वडिलांनी टोपी काढली आणि हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, मला नाव आहे."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "पण नाव तुझ्या बापसानं ठेवलेलं. नायटा तुझा स्वतःचा."

हे नुसतं विसराळूपण नव्हतं, त्यामागे त्यांचं शास्त्र होतं. चारचौघांत नायट्याला नायटा म्हटलं की निम्मा बरा होतो, असं त्या म्हणत. "लाज तोंडावर ठेवायची. दुखण्यावर ठेवली की ते कुजतं."

त्यांच्या कापडी पिशवीत स्टेथोस्कोप, इंजेक्शनचा डबा आणि वेसाव्याच्या कोळणीकडून घेतलेली मासळी एकत्र नांदत असे. वसतिगृहाच्या अधीक्षिका माई या पुण्याच्या, विधवा, कडक शाकाहारी. बाई आल्या की माई स्वतः पुढे होऊन ओसरीवरची सतरंजी गुंडाळत. एकदा नाडी बघायला घड्याळ काढताना पिशवीतून एक बोंबील निसटून प्रार्थनागृहाच्या उंबऱ्यावर पडला. माईंनी डोळे मिटले. बाईंनी बोंबील उचलला, पातळाला पुसला आणि म्हणाल्या, "घाबरू नका हो, मेलेला आहे." तरी मंडळानं दुसरी डॉक्टर बघितली नाही, कारण बुधवारी फुकट येणारी दुसरी लेडी डॉक्टर तेव्हा बांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत मिळाली नसती.

आता वहीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यापायी माझं शिक्षण जाता जाता राहिलं.

पाळी आली की मुलीनं बाजूला बसायचं, ही घरची रीत वसतिगृहानंही चालवली होती. मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती. तिच्यात चार चटया आणि अॅल्युमिनियमची वेगळी ताटं असत. तीन दिवस तिथं झोपायचं, सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायचं, प्रार्थनागृहाकडे फिरकायचं नाही. कॉलेजला मात्र जायचं. विद्येला विटाळ नसतो, असं माईंनी मंडळाकडून ठरवून घेतलं होतं. चौथ्या दिवशी न्हाऊन परत. मुलीनं बाजूला बसताना आणि परत येताना एका लांबट वहीत तारीख घालून सही करायची. वहीवर माईंच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, "आरोग्य नोंद".

आम्हाला वाटे, ताटं किती लागणार हे कळावं म्हणून ही नोंद असेल. खरा उपयोग पुढे कळला. कुणाच्या नावापुढे दोन-तीन महिने सही दिसली नाही, की माई ती वही घेऊन मंडळाच्या चिटणीसांकडे जात. भिंतीवरच्या काचांना जे दिसलं नसेल, ते वहीला दिसावं अशी योजना होती.

मुलींनी वहीचा वेगळा उपयोग शोधला होता. दर रविवारी सकाळी श्रमदान असे. देश उभारायचा होता, म्हणून आम्ही वसतिगृहामागच्या माळावरचं गवत उपटत असू. बाजूला बसलेल्या मुलीला श्रमदान माफ होतं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत चार चटयांवर अकरा मुली दाटीवाटीनं बसून पत्ते खेळत.

माझं उलटं होतं. पत्र्याच्या खोलीत दिवा नव्हता, बसायला टेबल नव्हतं, आणि मला प्रॅक्टिकलच्या वह्या पुऱ्या करायच्या होत्या. शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर मी बाजूला बसणं सरळ बंद केलं. कुणाला सांगितलं नाही, वहीत सही केली नाही. विटाळ मला काही जाणवला नाही. माईंनाही जाणवला नाही. त्या माझ्याच शेजारी बसून जेवत होत्या.

मंडळाला मधूनमधून सुधारणेची उबळ येई. तशी एकदा आली आणि बाईंना व्याख्यान द्यायला सांगण्यात आलं. विषय ठरला, "स्त्रीजीवन व स्वच्छता". मंडळाची अपेक्षा उकळलेलं पाणी, माश्या आणि नखं इतपतच होती. बाईंनी आल्या आल्या फळ्यावर गर्भाशय काढलं. माई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी उठून फळ्यावर प्रार्थनेच्या वेळचा पडदा ओढला. बाईंनी तो सरकवला. माईंनी पुन्हा ओढला. शेवटी बाई म्हणाल्या, "माई, तुम्ही पडद्याकडे बघा. मुली फळ्याकडे बघतील."

मग त्यांनी एक रिकामा बिस्किटाचा डबा फिरवला. जिला जे विचारायचं ते तिनं चिठ्ठीवर लिहून टाकायचं, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून वाचल्या, अर्थात त्यांच्या आवाजात. रस्त्यावर दोन सायकलवाले थांबलेले मला दिसले.

"जुहूच्या समुद्रात पुरुष पोहत असताना आपण पाय बुडवले तर काही होतं का? होतं ना. पाय भिजतात. पुढची. पपई खाल्ली की सगळं ठीक होतं का? कसलं सगळं? पपई खाल्ली की पोट साफ होतं, पाप साफ होत नाय. जिन्यावरून उडी मारली तर? तर पाय मोडतो. मागल्याच महिन्यात एकीला प्लास्टर घातलंय मी. पाय मोडला, बाकीचं जिथल्या तिथं!"

मुली पदरात तोंड घालून हसत होत्या. हसत होत्या त्यांतल्या निम्म्या मनात टिपून घेत होत्या. आम्ही बावळट होतो, पण लोक समजत तेवढ्या अजाण नव्हतो. मॅटिनीला जाणाऱ्या होत्या, खारदांड्याच्या खडकांपर्यंत फिरून येणाऱ्या होत्या, कुणाच्या तरी मोकळ्या खोलीची किल्ली वापरणाऱ्याही होत्या. पुढे काय होऊ शकतं, हे मात्र त्यांना पपई आणि जिना यांपलीकडे कुणी सांगितलेलं नव्हतं.

शेवटची चिठ्ठी वाचताना बाई थोड्या थांबल्या. "लग्न ठरलेलं असलं तर चालतं का?" त्यांनी चिठ्ठी दुमडली. या वेळी हसायला कुणी तयार नव्हतं. "हे बघा गो," त्या म्हणाल्या, "पोटाला पत्रिका कळत नाही आणि जंतूंना साखरपुडा कळत नाही. काही झालं तर पपईकडे जायचं नाही, माझ्याकडे यायचं."

मंडळाच्या इतिवृत्तात नोंद झाली, "व्याख्यान उद्बोधक झाले. पुन्हा ठेवू नये."

त्यानंतर महिनाभरानं, परीक्षेला तीन-चार आठवडे राहिले असताना, मला कचेरीत बोलावणं आलं.

टेबलामागे चिटणीस होते. ते निवृत्त हेडक्लार्क, सज्जन, स्त्रियांशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघणारे. बाजूला माई, समोर वही आणि वहीवर माझ्या वडिलांच्या नावाचं बंद पाकीट. बुधवार होता म्हणून बाईही होत्या, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या.

"तुमच्या नोंदींत," चिटणीस कॅलेंडरला म्हणाले, "तीन महिने खंड दिसतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पाकिटाकडे बघितलं. त्या पाकिटात काय असणार हे मला वाचायची गरज नव्हती. वडिलांनी ते पत्र वाचून त्याची घडी घातली असती. सरळ गाडीला बसून मला न्यायला आले असते. परीक्षा गेली असती. खेडचं एक बिजवराचं स्थळ आईनं दोन वर्षं हातचं राखून ठेवलं होतं, ते उन्हाळ्यात उरकलं असतं. आणि जे झालंच नव्हतं ते झालं नाही, हे मी कुणाला आणि कसं पटवणार?

"डॉक्टरांनी तपासून सांगावं, असं मंडळाचं मत आहे," चिटणीस म्हणाले.

"काय तपासू?" बाईंनी विचारलं.

चिटणीसांनी रुमाल काढला. "म्हणजे... प्रकृती."

"नायट्या," बाई माझ्याकडे वळल्या, "पाळी कधी आली तुला?"

बाहेर व्हरांड्यात झाडू मारणारी मोलकरीण झाडायची थांबली.

"परवा," मी म्हटलं.

"अय्या!" माई खुर्चीतच मागे सरकल्या. "आणि काल आमटी वाढायला होतीस तू!"

"मग वहीत सही का नाही?" बाईंनी विचारलं.

"मागल्या खोलीत दिवा नाही. माझी प्रॅक्टिकलं आहेत."

"तीन महिने?"

"तीन महिने."

"खोटं बोलत असेल ही," चिटणीस म्हणाले. "तपासलेलं बरं."

"तपासते ना," बाई म्हणाल्या. "पण आधी वही तपासते. आणा ती इकडे."

त्यांनी नाकावर चष्मा चढवला आणि वही अशी वाचायला घेतली, जणू पेशंटच समोर झोपला आहे. "ही कोण? जानेवारीत तीन वेळा पाळी! माई, ही कोण तुमची?"

माई वाकून बघून म्हणाल्या, "ती... तुमची टॉन्सिल."

"तिन्ही वेळा शनिवारी बसली. ही दुसरी, चार वेळा. शनिवार, शनिवार, शनिवार. ही सात जणींची रांग, सगळ्या एकाच शनिवारी. श्रमदान कधी असतं हो तुमचं?"

"रविवारी," माई पुटपुटल्या.

"बरोबर. चिटणीससाहेब, ही वही खरी मानायची तर ह्या अठरा मुलींना आज दुपारीच मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. एवढं रक्त गेलं असतं तर वसतिगृहात मुली राहिल्या नसत्या, खडू राहिले असते. आणि वही खोटी मानायची, तर हिच्या बापाला पत्र कशाच्या आधारावर लिहिलंत? बोला. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा."

चिटणीस कॅलेंडरमधला सण शोधत राहिले. माईंचा चेहरा बघवत नव्हता. एक मुलगी वाईट चालीची नाही, हे कळून त्यांना जेवढं बरं वाटलं, त्यापेक्षा अठरा मुलींनी देवाच्या नावावर खोटं लिहिलं याचं दुःख मोठं होतं. त्यातून मी तीन महिने विटाळशी प्रार्थनेला बसले होते. चिटणीसांना मात्र सुटल्यासारखं झालं. अब्रूचा गुन्हा गेला होता, नुसता सोवळ्याचा राहिला होता. त्याला शिक्षा सोपी होती. आठवडाभर रोज सकाळी प्रार्थनागृह धुवायचं. मी ते बाटवलं होतं म्हणून मीच ते धुवावं, हे सगळ्यांना योग्य वाटलं. कोणत्या दिवसापासून धुवायचं याचा विचार कुणी केला नाही. मी त्याच दिवशी बादली उचलली.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. बाई वही मिटत होत्या आणि मध्येच त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी पान मागं उलटलं, पुन्हा पुढं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"ती वत्सला. तुमचं ते... पडसं," माई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज सावरला. निदान एक तरी. "तिच्याकडे बघून बाकीच्यांनी शिकावं. कधी शनिवार नाही, कधी रविवार नाही. दिवाळीनंतर तर बरोब्बर अठ्ठावीस दिवसांनी, दर वेळी सोमवारी. एकदाही चूक नाही. प्रार्थनेत पहिल्या ओळीत बसते, गळाही गोड आहे."

बाईंनी ओळीवरचं बोट उचललं. मग वही माईंकडे देत म्हणाल्या, "चांगली मुलगी आहे. उद्या तिला दवाखान्यात पाठवा. एवढ्या नेमानं पाळी येणाऱ्यांना रक्त कमी असतं. बरोबर नायट्याला पाठवा."

मी त्यांच्या तोंडून खोटं ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा. अर्थात तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही. माईंनाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि वत्सला गेलो. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, माझ्याहून वर्षानं मोठी, दिसायला चांगली. वाटेभर ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. बाईंनी तिला आत घेतलं, दार लावलं. मी बाकावर बसून कान दिला. दार पातळ फळ्यांचं होतं आणि त्या दारातून मी आजवर लोकांची मूळव्याध, जंत आणि सासवा ऐकल्या होत्या. त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. समोरचा दुकानदारही वजन करायचं थांबून इकडे बघायला लागला. त्याला वाटलं, बाई गेल्या की काय.

अर्ध्या तासानं दार उघडलं. वत्सला बाहेर आली आणि पाठोपाठ बाईंचा नेहमीचा आवाज आला. "आणि त्याला सांग, शनिवारपर्यंत इलो नाय, तर मीच त्याच्या हापिसात येईन. म्हणावं, डॉक्टरीणबाईंना हळू बोलता येत नाही!"

बाकावरच्या म्हातारीनं मला विचारलं, "कोण गं तो? दादला का तिचा?"

"मामा," मी म्हटलं.

आंबोलीच्या रस्त्यानं परत येताना वत्सला एकाएकी हसायला लागली. "दिवस गेलेले नाहीत," ती म्हणाली. "पाळी तीन महिने आली नव्हती गं, काळजीनंही थांबते म्हणाल्या. मी कॅलेंडर बघून सह्या करत होते. बाई म्हणाल्या, शरीराला कॅलेंडर वाचता येत नाही, भीतीला येतं. दिवाळीपर्यंतच्या तारखा मागंपुढं होत्या, त्या खऱ्या. नंतरच्या सरळ झाल्या, तिथंच त्यांनी ओळखलं." आणि मग तिथंच रस्त्यात रडायला लागली.

"मग रडतेस कशाला?"

"दुसरं आहे. रोग आहे. त्याच्याकडून आलेला."

"बरा होतो?"

"पेनिसिलिननं होतो म्हणाल्या. इंजेक्शनं घ्यायची."

"मग झालं तर."

"अगं पण लग्न ठरलंय ना आमचं!"

"कुणी ठरवलंय?"

"आम्ही दोघांनी."

"त्याच्या घरी माहीत आहे?"

तिनं पदरानं डोळे पुसले. तेव्हा मला ती शेवटची चिठ्ठी आठवली आणि ती कुणाची होती ते कळलं. मी तिला रुमाल दिला. आणखी काय करावं हे मला सुचलं नाही, आणि न सुचलेलं बोलू नये असं माझं आजही मत आहे.

तो कोण, हे मला पुढच्या खेपेला कळलं. आम्ही इंजेक्शनसाठी गेलो तर बाकाच्या टोकाला एक तरुण वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. आतून हाक आली, "पुढचा कोण? पेटी का? ये बाबा आत!" वर्तमानपत्र खाली आलं. चिटणीसांचा भाचा! फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत होता आणि दर गुरुवारी आमच्या प्रार्थनेला पेटी वाजवायला येत असे. घंटा वाजवायचा मान माईंच्या भाचीचा, शालिनीचा. पेटीचा मान याचा. काचांच्या भिंतीतून आत यायची परवानगी असलेला तो एकटा तरुण पुरुष. घरातलाच, शिवाय देवाचं काम.

बाई पुढे मला म्हणाल्या, "चोर येतील म्हणून भिंतीला काचा लावतात आणि पुढल्या दारी हार घेऊन उभे राहतात." हेही त्या मोठ्यानं म्हणाल्या, पण कुणाविषयी ते कळण्याजोगं काही त्यात नव्हतं. त्याच्या दुखण्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्याला पेटी म्हणूनच ठेवला.

इंजेक्शनं बाई कमरेखाली देत आणि सुई त्यांची जाड असे. त्या गुरुवारी त्याला मांडी घालून बसवेना. त्यानं सगळी प्रार्थना गुडघ्यांवर बसून वाजवली, डोळे घट्ट मिटून, मधूनमधून ओठ चावत. पुढच्या गुरुवारीही तेच. माईंनी शेवटी आम्हा सगळ्यांना त्याचं उदाहरण दिलं. "बघा. याला म्हणतात भाव."

वत्सला पहिल्या ओळीत होती. तिनं हसू दाबलं की दुसरं काही, ते मला मागून दिसलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी तो आला नाही. कचेरीचं काम वाढलं, असं चिटणीसांनी सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं, पत्रिका बघून. ती बातमी आली तोवर आम्ही वसतिगृह सोडलं होतं; पण तो आपल्याशी लग्न करणार नाही, हे वत्सलाला त्या तिसऱ्या गुरुवारीच कळलं. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पहिला पेपर होता, तेव्हा जेवली. मी बी.एस्सी. झाले, ती बी.ए. झाली, पाकीट पोस्टात पडलं नाही, खेडच्या बिजवराला दुसरी मिळाली.

वही बंद झाली नाही. मंडळानं श्रमदानाचा वार बदलला. तो आदल्या दिवशीपर्यंत गुप्त ठेवायचा, असा ठराव झाला.

परीक्षेआधीच्या शेवटच्या बुधवारची एक गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली होती. बाई नेहमीप्रमाणे जिन्यावरून ओरडत आल्या. "टॉन्सिल! गूळ संपला काय गो, हिमोग्लोबिन? नायट्या, पेपरच्या दिवशी पोट रिकामं ठेवू नकोस!" आणि आमच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "वत्सला आहे का?"

वत्सला शिंकली. तिचं पडसं जिथल्या तिथं होतं, नाव मात्र बदललं होतं. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. तीन वर्षं मी त्यांच्याकडे जात होते, आणि नाव लक्षात राहिलं ते हिचं!

पुढे मी औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले, लग्न करून घाटकोपरला आले. पंधराएक वर्षांनी काही कामासाठी अंधेरीला गेले होते. मासळीबाजाराच्या तोंडाशी मागून आवाज आला, "काय गो नायट्या!" दहा-बारा माणसांनी वळून माझ्या मानेकडे बघितलं. बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, काठी आली होती. आवाज होता तसा होता.

"टॉन्सिल खय असता?"

"नाशिकला. नवरा वकील आहे."

"कापून घेतले काय?"

"नाही वाटतं."

"मेली भित्री. आणि हिमोग्लोबिन?"

"तिला तीन मुलं झाली."

"शाबास! आणि वत्सला बरी आहे?"

"बरी आहे. कांदिवलीला शाळेत हेडमिस्ट्रेस आहे. दोन मुलगे आहेत."

"बरं, बरं." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि मालती? ती इंदू, पहिल्या मजल्यावरची? उषा कुठे असते? आणि माईंची भाची ती, शालिनी?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. बाई प्रत्येकीला "बरं, बरं" म्हणाल्या, मला एक पापलेट बळेच घेऊन दिलं आणि काठी टेकत निघून गेल्या.

घरी येऊन पापलेट साफ करायला बसले तेव्हा माझा हात थांबला. आम्ही चाळीस जणी होतो. त्यांतल्या पाच जणींची, दुखणी नव्हे, नावं बाईंना पाठ होती.